फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरताना

‘फुटपाथ बांधून दिलेत, तरी ही माणसं रस्त्यातनंच चालणार!’ साताऱ्याच्या राजपथावर किंवा सांगलीच्या मारुती रोडवर गाडीचा वेग कमी करावा लागला की चालवणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य हमखास निघतं. तोच माणूस गाडी लावून खाली उतरला की चार पावलांत स्वतःही डांबरावर असतो. लोकांना शिस्त नाही, असं म्हणून विषय मिटवता येतो, पण त्यानं कुणाचा पाय वाचत नाही. फुटपाथ सोडण्यामागं कारणं असतात. त्यातली काही रास्त असतात, काही निव्वळ सवयीची. आपलं कारण कुठल्या प्रकारात बसतं हे ओळखलं, तर फुटपाथ कधी धरायचा, कधी सोडायचा आणि सोडल्यावर कसं वागायचं हे ठरवता येतं. रस्त्यावर उतरावं लागलंच, तर ठरवून उतरावं, नकळत नको, एवढंच या लेखाचं सांगणं आहे.

धोका किती मोठा आहे? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे साधारण पाचात एक.

चालणारा फुटपाथ का सोडतो?

आपल्याकडचा बराचसा फुटपाथ म्हणजे गटारावरचा स्लॅब. मुळात तो गटार झाकण्यासाठी असतो, चालण्याची सोय त्यावर ओघानं येते. त्यामुळं मध्येच एखादा ढापा खचलेला असतो, एखादा उचलून बाजूला ठेवलेला असतो. पुढं विजेची डीपी, मग झाड, मग दुकानाची पाटी, मग ओळीनं लावलेल्या दुचाक्या. जिथं हे काही नसतं तिथं घरांचे रॅम्प असतात. गाडी आत घेण्यासाठी प्रत्येकानं आपल्या फाटकापुढं आपापल्या अंदाजानं उतार केलेला असतो. शंभर पावलांत सात-आठ वेळा चढा, उतरा, तिरके व्हा. गुडघे दुखणारी आजी हा हिशेब कागदावर मांडत नाही, पण तिचे पाय तो बरोबर मांडतात आणि ती सरळ डांबराच्या कडेनं चालू लागते.

इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था १९३४ पासून काम करते. पादचाऱ्यांच्या सोयींबद्दलच्या तिच्या मार्गदर्शिकेत किमान अपेक्षा अशा आहेत: चालायला १.८ मीटर रुंदी पूर्ण मोकळी, डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही आडवं नाही, आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. टेप नसली तरी अंदाज घेता येतो. दोन्ही हात पसरल्यावर जेवढी जागा लागते, त्याहून थोडी जास्त रुंदी हवी. पायरीची उंची एका वितीपेक्षा कमी हवी. आपल्या गल्लीतला फुटपाथ या मापात बसतो का, हे एकदा बघाच. बसत नसेल, तर तिथून खाली उतरणाऱ्याला बेशिस्त म्हणण्यात अर्थ नाही.

सवयीची कारणं वेगळी. चौघे मित्र फिरायला निघाले की गप्पांचा फड जमतो. फुटपाथवर दोघंच मावतात, मग चौघेही रस्ता व्यापून चालतात. कुणी ‘लांब पडतं’ म्हणून रस्ता तिरका कापतो. कुणी फोनवर बोलता बोलता कधी खाली उतरला हे त्यालाच कळत नाही. ही कारणं आपल्या हातातली आहेत, आणि ती आजपासून सोडता येतात.

पळणाऱ्याचं गणित निराळं

पळणाऱ्याला विचारलं तर तो सांगेल, ‘काँक्रीट कडक असतं, गुडघ्याला डांबर बरं.’ काँक्रीट डांबरापेक्षा कडक असतं हे खरं. पण पळताना माणसाचा पाय जमिनीच्या कडकपणाप्रमाणे आपला ताठरपणा आपोआप कमी-जास्त करतो, आणि बुटाचा तळवा उरलेला बराच फरक गिळून टाकतो. तेव्हा केवळ त्यासाठी गाड्यांमध्ये उतरणं हा महागाचा सौदा आहे.

खरं कारण सपाटपणाचं असतं. पेव्हर ब्लॉक एकमेकांपासून सुटतात, एक वर येतो, शेजारचा खाली बसतो. चालताना पाय अडला तर माणूस सावरतो. पळताना मात्र पाऊल जमिनीपासून जेमतेम उचललेलं असतं आणि वेगही जास्त, त्यामुळं बोटभर उंचवटाही तोंडावर पाडतो. त्यात फाटकातून मागं न बघता रिव्हर्स येणारी गाडी. फुटपाथवर पळणारा तिला दिसत नाही आणि तोही थांबू शकत नाही. म्हणून खराब फुटपाथवर पळण्यापेक्षा रिकाम्या रस्त्याची कड बरी, हा पळणाऱ्यांचा निष्कर्ष बऱ्याच ठिकाणी बरोबर असतो. मात्र ‘रिकाम्या’ हा शब्द त्यातून गळता कामा नये. पहाटे साडेपाचला रिकामा असलेला रस्ता साडेसातला शाळेच्या रिक्षा आणि दुधाच्या गाड्यांनी भरलेला असतो.

फुटपाथ धरायचा तो कधी?

जिथं फुटपाथ सलग आणि मोकळा आहे तिथं चालणाऱ्यानं तो सोडू नये, भले दोन पायऱ्या जास्त चढाव्या लागोत. साताऱ्यात पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरजवळ, सांगली-मिरज रस्त्यावर, शाळा सुटायच्या वेळी, बाजाराच्या दिवशी आणि अंधार पडल्यावर तर नाहीच. लहान मूल बरोबर असेल तर त्याला गाड्यांच्या विरुद्ध बाजूला घ्या आणि बोट धरू नका, मनगट धरा. बोट निसटतं.

रस्ता ओलांडण्याचा हिशेबही एकदा करून ठेवण्यासारखा आहे. दुपदरी रस्ता साधारण ७ मीटर रुंद असतो. धडधाकट माणसाला तो पार करायला सहा सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटारसायकल ८० मीटरहून जास्त अंतर कापते. सावकाश चालणाऱ्या वडीलधाऱ्यांना आठ-नऊ सेकंद लागतात, म्हणजे सव्वाशे मीटर लांबची गाडीही त्यांच्यासाठी जवळची. ‘अजून लांब आहे’ असं वाटणं आणि ती खरोखर लांब असणं यात एवढा फरक पडतो. आईवडिलांबरोबर असाल तर तुमच्या पावलांचा अंदाज त्यांना लावू नका.

उतरायचंच तर उजवीकडून

शाळेत ‘नेहमी डाव्या बाजूने चला’ हे मनावर ठसलेलं असतं. वाहनांसाठी ते बरोबर आहे. जिथं फुटपाथच नाही तिथं पायी चालणाऱ्यानं मात्र उजवी कड धरावी, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्या तोंडावर येतात. डावीकडून चाललात तर सगळी भिस्त मागच्या अनोळखी चालकावर. उजवीकडून चाललात तर गाडी तुम्हाला दिसते, तिचा चालक फोनमध्ये बघतोय का हेही दिसतं, आणि साइडपट्टीवर सरकायला वेळ मिळतो. सांगलीहून हरिपूरला संगमेश्वराला पायी जाणाऱ्यांनी, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या गाडीरस्त्यानं रोज चढणाऱ्यांनी ही एक सवय लावून घेतली, तरी बराच धोका कमी होतो.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो घाटात लागतो. साताऱ्यातल्या बोगद्यावरून यवतेश्वरकडे चढताना काही वळणं अशी आहेत की उजवी कड म्हणजे वळणाची आतली बाजू. वरून येणारी गाडी वळण कापत नेमकी तिथंच घुसते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कठडा. सरकायला जागाच नसते. अशा वळणाच्या बऱ्याच आधी, दोन्हीकडचा रस्ता स्पष्ट दिसतो तिथं ओलांडून बाहेरच्या बाजूला जा, वळण संपलं की परत उजवीकडे या. वळणावर असताना कधीही ओलांडू नका. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं असेल, तर त्या दिवशी घाट सोडा. चार मीटरवरचं दिसत नसताना उजवी-डावी काही कामाला येत नाही.

२०१२ साली सुरू झालेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातून कासच्या रस्त्याला जाऊन परत येते. त्या एका सकाळी बंदोबस्त असतो, स्वयंसेवक असतात, वाहतूक वळवलेली असते. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध पळण्यात काही वावगं नाही. सरावाच्या दिवशी तो रस्ता सगळ्यांचा असतो. कास पठार २०१२ मध्येच पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी याच घाटात परगावच्या गाड्यांची रांग लागते. त्या चालकांना ही वळणं नवी असतात. लांब पल्ल्याचा सराव त्या दिवसांत आठवड्याच्या मधल्या वारी ठेवावा, किंवा उजाडताच उतरून यावं.

पळणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा. पाणी निथळावं म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता केलेला असतो. रोज उजव्या कडेनं पळणाऱ्याचा उजवा पाय जाताना आणि येतानाही खालच्या अंगाला पडतो. महिनोन्महिने असंच चाललं की घोटा, गुडघ्याची बाहेरची बाजू, कंबर कुरकुर करू लागते. त्यावर उपाय म्हणून डावी बाजू धरू नका. आठवड्यातले दोन-तीन सराव मैदानावर करा.

दिसा, मग पळा

मोटारसायकलच्या खाली पाडलेल्या दिव्यात काळ्या कपड्यातला माणूस जेमतेम २५-३० मीटरवर दिसतो. ताशी ५० च्या वेगात चालकाच्या डोक्यात धोका शिरून ब्रेक लागेपर्यंत वीसेक मीटर जातात आणि गाडी थांबेपर्यंत आणखी चौदा-पंधरा. बेरीज ३५. म्हणजे चालक सावध असला, ब्रेक उत्तम असले, तरी तुम्ही त्याला उशिरा दिसलेले असता.

यात सर्वांत जास्त सापडतात ती भरतीची पोरं. सातारा जिल्ह्याला फौजेची परंपरा आहे, आपशिंगे गाव तर ‘मिलिटरी’ याच नावानं ओळखलं जातं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, आणि सेकंदासेकंदावर गुण ठरतात. गावात ट्रॅक नसतो, म्हणून पोरं मोजून घेतलेल्या डांबरी रस्त्यावर, किलोमीटरच्या दगडापासून दगडापर्यंत पळतात. वेळ पहाटे साडेचार-पाचची, अंगात काळा टी-शर्ट, डोळे घड्याळावर. जोर लावताना मान खाली जाते आणि समोरचं काही दिसत नाही.

अकॅडमी चालवणाऱ्यांना आणि घरच्यांना सांगणं एवढंच: वेळ लावून पळायचा सराव मैदानावरच घ्या. चारशे मीटरचा ट्रॅक नसेल तर शाळेच्या मैदानाला फक्की टाकून दोनशेचा आखता येतो, आठ फेऱ्यांत १६०० भरतात. रस्त्यावर करायचं ते फक्त सावकाश पळणं, तेही उजाडल्यावर. मोठा गट असेल तर दोन-दोनच्या रांगा, समोरून गाडी आली की एकेरी. सर्वांत पुढच्याकडे पांढरी बॅटरी, सर्वांत मागच्याच्या पाठीवर लाल दिवा. पंढरपूरला किंवा जोतिबाला रात्रीच्या वेळी चालत जाणाऱ्या मंडळींनीही हेच करावं. पताका दिवसा दिसते, रात्री ती कुणाला दिसत नाही.

चकाकणारी पट्टी महाग नसते. ट्रॉलीला लावतात ती लाल-पांढरी पट्टी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळते. ती छातीवर लावण्यापेक्षा बुटाच्या टाचेवर आणि घोट्याभोवती लावा. हलणारी खूण माणसाच्या चालीसारखी दिसते आणि चालकाला लांबूनच कळतं की हा खांब नाही, माणूस आहे. मोबाइलची बॅटरी लावली तर उजेड पायापुढं पाडा, समोरच्याच्या डोळ्यांत नको. इअरफोन लावायचाच असेल तर एकाच कानात. विजेवरच्या गाड्यांचा आवाज तसाही येत नाही, आणि पहाटेची भटकी कुत्री तर आधी कानालाच कळतात. कुत्रं मागं लागलं तर पळू नका. थांबा, त्याच्याकडे पाठ न करता सावकाश बाजूला व्हा.

उसाच्या हंगामात

दिवाळीच्या आगेमागे कारखाने पेटले की सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांतले रस्ते बदलतात. हा हंगाम मार्चपर्यंत चालतो आणि या काळात चालणाऱ्यानं आपली सवयही बदलायला हवी.

एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही अंगांना हात-दीड हात निघालेला असतो, आणि त्याची टोकं नेमकी चालणाऱ्याच्या खांद्याच्या, तोंडाच्या उंचीला येतात. चालकाच्या कानाशी टेप जोरात असतो, मागच्या ट्रॉलीचं काय चाललंय हे त्याला दिसतही नाही. आपण ट्रॅक्टरला जागा देतो, पहिली ट्रॉली गेली की रस्ता मोकळा समजून पाऊल टाकतो, आणि तेवढ्यात दुसरी ट्रॉली हेलकावा घेत कडेला येते. धोका असतो तो हाच. म्हणून उसाची गाडी समोर दिसली की डांबर पूर्ण सोडून साइडपट्टीच्याही पलीकडे उभं राहा आणि दुसरी ट्रॉली पुढं जाईपर्यंत हलू नका. वळणावर तर ती आतल्या बाजूला ओढली जाते, तिथं आत थांबूच नका. रस्त्यावर पडलेली उसाची कांडी आणि पाचट यांवरून पाय घसरतो, पळणाऱ्यांनी तिकडंही लक्ष ठेवावं. रात्री रस्त्याकडेला बंद पडलेल्या, दिवा नसलेल्या ट्रॉलीला वळसा घालताना आपण एकदम रस्त्याच्या मध्यात येतो. आधी थांबून समोर बघा, मग वळसा घाला.

जागा निवडण्यात निम्मं यश

रोज तासभर चालायचं असेल तर त्यासाठी रहदारीचा रस्ताच हवा असं नाही. सांगलीकरांना आमराई आहे, कॉलेजांची मैदानं आहेत. सातारकरांना शाहू स्टेडियम आहे, चार भिंतीची टेकडी आहे. मैदानावर फेऱ्या मारण्याचा कंटाळा येतो ही तक्रार खरी आहे. त्यावर सोपा तोडगा म्हणजे आठवड्याची विभागणी: जोराचा सराव आणि अंधारातली फेरी मैदानावर, मन मोकळं करणारी लांब चाल उजेडात, कमी गाड्यांच्या रस्त्यावर. राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि त्याचे सेवा रस्ते या यादीत येतच नाहीत. सेवा रस्त्यावर उलट्या दिशेनं दुचाक्या येतात, त्यामुळं तिथं समोर बघून चालण्याचा फायदाही मिळत नाही.

फुटपाथ परत मिळवायचा तर

सर्वोच्च न्यायालयानं १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यातच फुटपाथ हे पायी चालणाऱ्यांसाठी असल्याचं म्हटलं होतं. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं स्पष्ट केलं, आणि तो अपंगांनाही वापरता यावा व अतिक्रमणमुक्त असावा असं सांगितलं. मागणी करायला एवढा आधार पुरेसा आहे.

पण ‘आमच्या भागात फुटपाथ नीट नाहीत’ अशा अर्जाचं काही होत नाही. अर्ज एका जागेबद्दल लिहा. विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा शेजारची ठळक खूण द्या, काय बिघडलंय ते एका वाक्यात सांगा, दिवसाउजेडी काढलेला फोटो जोडा आणि काय हवंय ते नेमकं लिहा: ‘दोन ढापे बदलावेत’, ‘डीपीभोवती चालायला जागा करावी’, ‘पायरीऐवजी उतार द्यावा’. साताऱ्यात अर्ज नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना, सांगली, मिरज, कुपवाडमध्ये महापालिका आयुक्तांना. शहरातला एखादा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असू शकतो, म्हणून अर्जात ‘रस्ता आपल्याकडे नसल्यास संबंधित विभागाकडे पाठवावा’ हे वाक्य घाला आणि पोच घ्या. ‘आपले सरकार’ या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. महामार्गावरच्या अडचणीसाठी १०३३, अपघात झालाच तर १०८ आणि ११२.

फेरीवाल्यांवर सगळं खापर फोडणंही सोपं आहे. त्यांच्यासाठी २०१४ चा कायदा आहे, जागा ठरवून देण्याचं काम त्या कायद्यानं पालिकेवर टाकलंय. भाजी घेताना आपली गाडी फुटपाथवर कुणी चढवली, आणि आपल्या फाटकापुढचा रॅम्प किती पुढं आलाय, हे मात्र आपलं काम आहे. या रविवारी घरापासून बसस्टॉपपर्यंत एकदा चालत जा, कुठं कुठं खाली उतरावं लागलं ते लिहून काढा. त्या यादीत आपल्या फाटकाचा रॅम्प असेल तर आधी तो सरळ करा, आणि उरलेल्या यादीचा अर्ज सोमवारी पालिकेत द्या.